गाव भायर होतो

माझ्या आईच्या नावापुढे सरकारी कागदात एकदाच 'गैरहजर' असं लिहिलं गेलं, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. जी बाई तापाने फणफणलेली असली तरी मळणी चुकवत नसे, गावात लग्न असो की मयत, पहिल्या घागरीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत उभी असे, तिला गैरहजर म्हणायचं! पण कोर्टाची रीत अशी की पट्टेवाला दारात उभा राहून तीन हाका मारतो. तीन हाकांत माणूस पुढे आला नाही की तो गैरहजर. हाक कुठून मारली आणि ती कुठवर पोचली, हे कोणी विचारत नाही.

आमच्या बाबतीत हाक मारली होती रत्नागिरीला. तेव्हा आमचा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच मोडायचा, आणि मालवणच्या कोर्टात हरलेल्या माणसाला अपिलासाठी तिकडेच जावं लागे. एसटीने कणकवली, खारेपाटण, राजापूर करत जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा आणि हाडंही.

वडील गलबतावर तांडेल होते. मालाबारकडे गेले असताना तापाने तिकडेच गेले. वर्ष सरायच्या आत थोरल्या काकांनी एक कागद पुढे केला. धाकट्या भावाने घरातला आणि बागेतला आपला हिस्सा राजीखुशीने सोडला आहे, असा त्याचा मजकूर होता आणि खाली वडिलांची सही. ती सही वडिलांची नव्हती. मालवणच्या कोर्टाला ती खरी वाटली. मला आजही वाटत नाही. आईने अपील केलं. अपिलाचा निकाल लागेपर्यंत आम्हा दोघींना घराबाहेर काढू नये, अशी मनाई रत्नागिरीच्या कोर्टाने दिली. म्हणजे हिशेब सरळ होता. अपील जिवंत आहे तोवर आम्ही घरात, अपील गेलं की आम्ही रस्त्यावर.

घर एकच होतं. मधे एक भिंत, अलीकडे आम्ही, पलीकडे काका-काकी. खळं सामाईक, विहीर सामाईक, मांजरसुद्धा सामाईक. थोरल्या दिराशी धाकट्या भावजयीने तोंड उघडून बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत, आणि भांडण कोर्टात गेलं तरी आईने ती मोडली नाही. तिला काकांना काही ऐकवायचं असलं की ती मांजराला ऐकवायची. काका ओट्यावर पान लावत बसलेले असायचे आणि ही खळ्यात उभी राहून म्हणायची, "माजरा, सांग त्येंका, पूर्वेकडच्या माडांक हात लावूचो नाय. कोर्टाची मनाई आसा." काकाही कमी नव्हते. तेही म्हणायचे, "माजरा, सांग तिका, मनाई घराची आसा, माडांची नाय." मांजर बिचारं दोन्हीकडचं दूध पिऊन दोन्हीकडची बोलणी ऐकायचं. माझ्या लहानपणी मला वाटे सगळ्यांच्याच घरी असं असतं.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि गावच्या शाळेत मास्तरीण होते. घरात कोर्टाचे कागद वाचू शकणारी मी एकटी, त्यामुळे माझ्या नाकावर राग कायम. रत्नागिरीचे आमचे वकील म्हातारे होते. तारीख पडली की पोस्टकार्ड टाकायचे, वळणदार अक्षरात चार ओळी. त्या पावसाळ्यानंतर त्यांचं शेवटचं कार्ड आलं: डोळ्यांनी दिसेनासं झालं आहे, वकिली सोडतो आहे, काम दुसऱ्या वकिलाकडे देतो आहे, ते तुम्हाला लिहितील.

त्यांच्या पत्राची वाट बघत असतानाच आमच्या गावची गावपळण आली.

गावपळण म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगताना माझी नेहमी पंचाईत होते, कारण आम्हाला त्यात विचित्र काही वाटतच नाही. तीन-चार वर्षांनी एकदा, भातं कापून झाली की, देवाचा हुकूम घेऊन सगळा गाव वेशीबाहेर जातो. म्हातारेकोतारे, तान्ही पोरं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. चूल विझवायची, दाराला कुलूप लावायचं आणि व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे, शेजारच्या गावच्या हद्दीत, माडाच्या झापांची खोप उभारून राहायचं. तीन दिवस तीन रात्री गाव रिकामा. तेवढे दिवस गाव देवाचा. चौथ्या दिवशी मानकरी वेशीजवळच्या देवळात जातात, देवाच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या लावतात आणि कौल मागतात. उजवी पाकळी पडली तर घरी परतायचं, नाही पडली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं. मानकऱ्यांनीही देवळाच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. आणि त्या मानकऱ्यांत पहिला मान आमच्या थोरल्या काकांचा.

सोमवारी आम्ही बाहेर पडलो. मला गावपळण लहानपणापासून आवडायची. शाळा बंद, व्हाळात कुर्ल्या म्हणजे खेकडे पकडायचे, संध्याकाळी फुगड्या. मास्तरीण झाले म्हणून कोणी मला फुगडीतून सोडत नव्हतं. पहिल्या संध्याकाळी आमचा पोस्टमन आमच्या खोपीशी आला. तो गावातलाच, पन्नास पावलांवर त्याचीही खोप होती.

"गो बाय, तुमचा पाकीट इला हा रत्नांग्रीसून," तो म्हणाला.

मी हात पुढे केला.

"आता खंयसून देव? सकाळी भायर पडताना तुमच्या दाराखालसून आत सारलंय. बरा जाड पाकीट आसा. नीट आतपर्यंत सारलंय हां, वाऱ्यान उडूचा नाय."

"अरे, पण आम्ही इथे आहोत, व्हाळाच्या अलीकडे! माझ्या हातात द्यायचं सोडून रिकाम्या घरात टाकलंस?"

माझ्या शाळेच्या मराठीने तो जरा बिचकला, पण हटला नाही. "पत्तो घराचो होतो," तो म्हणाला. "खोपीचो नाय."

ह्याला काय म्हणावं? सरकारच्या टपालखात्याने त्याला पत्त्यावर पत्र द्यायला सांगितलं होतं आणि त्याने ते दिलं होतं. वर वाऱ्याची काळजीही घेतली होती. मी कपाळावर हात मारला. आई म्हणाली, "तीन दिवसांचो प्रश्न आसा. बिस्पतवारी घराक जातलंव, तेव्हा बघूया." वकिलाचं नेहमी कार्ड यायचं, पाकीट कधी आलं नव्हतं. जाड पाकीट म्हणजे आत कागद, आणि कागद म्हणजे काहीतरी तातडीचं. पण तीन दिवस तर तीन दिवस.

गुरुवारी सकाळी मानकरी देवळात गेले. आम्ही सगळे सामान बांधून बसलो होतो. दोन तासांनी ते परत आले ते मान हलवत. पाकळी पडली नव्हती. काका सगळ्यांत पुढे होते, डोक्याला पांढरा रुमाल, चेहऱ्यावर काही नाही. लोकांनी हात जोडले, "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि बांधलेली भांडी पुन्हा सोडली. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. पाकिटाची गोष्ट एव्हाना सगळ्या खोपींना माहीत होती, म्हणजे काकांनाही. पाकळी ओली किती लावायची, कुठे लावायची, हे लावणाऱ्याच्या हातात नसतं का?

मी आईला तसं म्हटलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं गिळलं. "देवाक मधी हाडू नको," ती म्हणाली. "आमचा भांडाण माणसांचा आसा."

"मग मी जाऊन पाकीट घेऊन येते. धावत गेले तर अर्ध्या तासात परत. कोणाला कळणार नाही."

"माका कळतला," आई म्हणाली. "गावाची रीत मोडून घर राखलंय, तर त्या घरात खंयच्या तोंडान ऱ्हवतलंय?"

तिच्या ह्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती, आणि म्हणूनच मला ते सहन झालं नाही. रीत होती म्हणून ती दिराशी बोलली नाही, रीत होती म्हणून नवऱ्याच्या मागे पांढऱ्या कपाळाने बसली. आणि रीतीच्याच आडून आमचं घर जाणार असेल तर मी हात बांधून कुर्ल्या पकडत बसू? दुपारी सगळे जेवून आडवे झाले, तेव्हा मी घागर घेतली, पाण्याला जाते म्हटलं, घागर करवंदीच्या जाळीत ठेवली आणि व्हाळ ओलांडला.

रिकामा गाव मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. भर दुपारची वेळ, ऊन कडक, आणि कुठेही कुत्रं नाही, कोंबडा नाही, उखळात मुसळ नाही. माझ्याच चपलांचा आवाज मला मोठा वाटायला लागला म्हणून त्या हातात घेतल्या. भीती वाटली हे खोटं बोलणार नाही. पण भीतीपेक्षा राग जास्त होता, आणि रागाला पाय चांगले असतात.

घराला कुलूप. चावी आईच्या कमरेला. मी उंबऱ्याशी पोटावर आडवी झाले आणि दाराखालच्या फटीतून बघितलं. पाकीट होतं. पोस्टमनने शब्द पाळला होता. हातभर आत सरकवलेलं होतं. माझी बोटं पोचेनात. खळ्यातल्या केरसुणीचा हीर उपसला आणि तो आत घालून पाकीट ओढायला लागले. हीर वाकला, पाकीट गोल फिरलं आणि आणखी वीतभर आत गेलं. दुसरा हीर घेतला, तो मोडला. मी एक बावीस वर्षांची शिकलेली मास्तरीण, स्वतःच्याच घराच्या दाराशी पालथी पडून, घामाने निथळत, हिराने देवाच्या राज्यातलं पाकीट चोरत होते, आणि तेही मला जमत नव्हतं. शेवटी मी दारावर एक लाथ घातली आणि परत फिरले.

व्हाळाच्या काठाशी काका उभे होते.

ते हद्द बघायला आले असावेत. मानकऱ्यांचं ते कामच. मी गावाच्या बाजूने येत होते, चपला हातात, केस सुटलेले, परकर-पोलक्याच्या वयात असते तर पळाले असते. पण पळाले नाही. उलट मीच ओरडले, "कौल तुम्हीच अडवलात! आमचं घर खायला देवसुद्धा पुरला नाही तुम्हाला!"

काकांनी माझ्या पायांकडे पाहिलं. पायांना आमच्या खळ्याचं शेण-मातीचं सारवण लागलं होतं.

"पाय धुव," ते म्हणाले, आणि पाठ फिरवून चालू लागले.

मी पाय धुतले. आता बोंबाबोंब होणार, संध्याकाळी मला सगळ्यांसमोर उभं करणार, आईला खाली मान घालावी लागणार, असं धरून मी बसले होते. संध्याकाळ झाली, भजन झालं, कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, हा हातचा राखून ठेवला आहे, पुढे कधीतरी काढतील. शत्रूच्या हाती असं काही लागलं की तो ते फुकट घालवत नाही, एवढं मला कोर्टाने शिकवलं होतं.

शुक्रवारी कौल मिळाला नाही. शनिवारी मिळाला नाही. रविवारी उजवी पाकळी पडली, ढोल वाजला आणि गाव घरी आला. मी शाळेच्या चटया, बाकं आत लावायला गेले, आई घरी पुढे गेली. मी पोचले तेव्हा ती ओट्यावर पाकीट मांडीवर घेऊन बसली होती, न फोडता. वाचणारी मीच ना.

आत कोरं वकीलपत्र होतं आणि नव्या वकिलांची चिठ्ठी. ह्यावर पक्षकाराची सही किंवा अंगठा करून उलट टपाली पाठवा, नाहीतर स्वतः या. येत्या शुक्रवारी अपील बोर्डावर आहे. वकीलपत्राशिवाय मला तुमच्या वतीने उभं राहता येणार नाही.

शुक्रवार जाऊन दोन दिवस झाले होते. त्या शुक्रवारी रत्नागिरीच्या कोर्टाच्या दारात पट्टेवाल्याने आईच्या नावाने तीन हाका मारल्या होत्या, आणि आई झापाच्या खोपीत पेजेला आधण ठेवत होती.

सोमवारी पहाटेची एसटी आम्ही पकडली. नवे वकील तरुण होते, माणूस वाईट नव्हता. त्यांनी हुकमाची नक्कल दाखवली. अपीलदार गैरहजर, वकील नाही, सबब अपील काढून टाकण्यात येत आहे. आमच्या बाजूचा एक शब्दही न ऐकता! मनाईही त्याबरोबरच उठली होती. बेलिफ कधीही दारात आला असता.

"अजून मार्ग आहे," वकील म्हणाले. "तीस दिवसांच्या आत अर्ज करायचा, की गैरहजेरीला पुरेसं कारण होतं, अपील परत दाखल करून घ्या. कारण मात्र कोर्टाला पटायला हवं. माझे एक डॉक्टर स्नेही आहेत. विषमज्वराचा दाखला देतील. महिनाभर अंथरुणाला खिळून होतात, असं लिहू."

"माका ताप येवक नाय," आई म्हणाली.

"ते कोण बघायला आलंय?"

"मी होतंय मां थंय."

वकिलांनी माझ्याकडे मदतीच्या आशेने पाहिलं. खरं सांगायचं तर मी दाखल्याच्या बाजूची होते. समोरच्याने खोट्या सहीवर घर घेतलं, मग आपण खोट्या तापावर ते राखलं तर कुठे बिघडलं? मी तसं म्हटलंही. आई म्हणाली, "त्येंनी खोटा केल्यानी म्हणान आपण कोर्टात इलंव. आता आपणच खोटा करूया तर मगे भांडाण कसला ऱ्हवला?" आणि वकिलांना म्हणाली, "लिवा. गाव भायर होतो. जा झाला ता लिवा."

वकिलांनी डोक्याला हात लावला, पण लिहिलं.

अर्जाची सुनावणी महिन्याभराने झाली. तोवर बेलिफ आला नाही हे आमचं नशीब. काकांच्या वकिलांनी इंग्रजीत लांबलचक लेखी म्हणणं दिलं होतं, खाली काकांची सही: अशी कोणतीही प्रथा अस्तित्वात नाही, अपीलदार बाई निव्वळ बेफिकीर आहेत. ते वाचून मला हसू आलं आणि रडूही. गावपळणीचा पहिला नारळ ज्याच्या हाताने फुटतो, तो माणूस सही करून सांगतो आहे की गावपळणच नाही!

जज्जसाहेब घाटावरचे होते. आई पिंजऱ्यात उभी राहिली, डोक्यावर पदर, हातात काहीच नाही.

"बाई, त्या शुक्रवारी तुम्ही कुठे होतात?"

"गाव भायर होतो, सायबा."

"म्हणजे तुम्ही बाहेरगावी गेला होतात."

"मी नाय. गाव."

साहेबांची लेखणी थांबली. "गाव बाहेरगावी गेलं होतं?"

"होय. आमचो जाता."

कोर्टात हशा पिकला. मी मागच्या बाकावर मुठी आवळून बसले होते. आमच्या वकिलांनी उठून सगळी प्रथा समजावून सांगितली. मग समोरचे वकील उठले. ही शुद्ध अंधश्रद्धा आहे, ते म्हणाले, आणि पत्र घरात पडलं आहे हे बाईंना माहीत होतं. घर अर्ध्या तासाच्या वाटेवर. तरी त्या गेल्या नाहीत. ह्याला बेफिकिरी नाही तर काय म्हणायचं?

आई त्यांच्याशी बोललीच नाही. ती साहेबांना म्हणाली, "सायबा, तुमी आत इलास तेव्हा सगळे उबे ऱ्हवले. मीय ऱ्हवलंय. कित्याक ता कोणी सांगूक नाय, मी इचारूक नाय. तुमच्या कोर्टाची रीत आसा, ती मी पाळलंय. आमच्या गावाची रीत आसा, ती पण पाळलंय. ज्या घरासाठी भांडतंय ता घर त्याच गावात आसा. गाव मोडलंय आसता तर घर ऱ्हवला आसता, पण मी गावची ऱ्हवलंय नसतंय. मगे घर घेवन काय करू?"

आता कोणी हसलं नाही. पण समोरचे वकील कसलेले होते. ते पुढे सरकले. "ठीक आहे. त्या सहा दिवसांत तुमच्या गावात एकाही माणसाने पाऊल टाकलं नाही, असं तुम्ही शपथेवर सांगता? की लोक येत-जात होते आणि तुम्हीच तेवढ्या आळसाने बसून राहिलात?"

काका पहिल्या बाकावर बसले होते, रुमाल मांडीवर. हातचा राखून ठेवलेला पत्ता टाकायची हीच वेळ होती. माझं नाव त्यांनी घेतलं की संपलं. आईचा शब्द पडला, आईचं कारण पडलं, घर पडलं. आणि ते पाडणारी मी.

"मी पाऊल टाकूक नाय," आई म्हणाली. "दुसऱ्याचा मी कसा सांगू? हद्द राखणा मानकऱ्यांचा काम. मानकरी हयसरच बसले आसत."

मग तिने मान वळवली. उभ्या जन्मात पहिल्यांदा ती थोरल्या दिराकडे बघून, मधे मांजर न घालता बोलली.

"भावोजीनू, तुमीच सांगा. गाव भायर होतो मां?"

काका उठले. त्यांचे वकील घाईने म्हणाले, "आमचं म्हणणं लेखी दिलेलं आहे," पण साहेबांनी हाताने त्यांना थांबवलं आणि काकांना शपथ दिली.

"होतो," काका म्हणाले. "गाव भायर होतो."

"मग तुमच्या सहीच्या कागदात ही प्रथाच नाही असं कसं?"

"ता वकिलांनी लिवला, सायबा. इंग्रजीत. माका खंय इंग्रजी येता? असा लिवला आसा म्हणान ठावक आसता तर हात तोडून दिलो आसतंय, सही करूक नसतंय."

"सगळा गाव बाहेर होता? एकूण एक माणूस?"

काकांनी मागे वळून पाहिलं. थेट माझ्याकडे. किती वेळ ते मला माहीत नाही. मी नजर खाली केली नाही, एवढं मला आठवतं. करायची असती तरी जमली नसती.

"सगळो," काका म्हणाले. "कुत्रीमाजरां सकट."

अपील परत दाखल झालं, मनाई पुन्हा लागू झाली. दोन वर्षांनी ते रीतसर चाललं, सही खोटी ठरली आणि अर्धं घर, अर्धी बाग आमची झाली. पण ते नंतरचं.

त्या दिवशी परतीच्या एसटीत काका आमच्या पुढे दोन बाकं सोडून बसले होते. एकच गाडी, दुसरा इलाज काय! राजापूर गेलं. मग आईने कनवटीची पुरचुंडी सोडली आणि माझ्या मांडीवर काहीतरी ठेवलं. वाळून काड्या झालेला अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, होता. मी गावपळणीत केसांत माळलेला.

"आमच्या उंबऱ्यार गावलो माका," ती हळूच म्हणाली. "इलंय त्याच सांजेक. बाजूक दोन मोडके हीर."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. म्हणूनच ती पिंजऱ्यात फक्त स्वतःपुरतं बोलली होती.

"खोटा बोलूचा नव्हता," ती म्हणाली, "आणि खरा बोलाक जीभ उठत नव्हती. म्हणान त्येंच्यावर घातलंय. त्येंका खंय ठावक आसा, ते बिनघोर सांगतले, असा वाटला."

"आये," मी म्हणाले, "त्यांना माहीत होतं. मी परत येताना व्हाळावर होते ते. मला पाय धुवायला सांगितले त्यांनी."

आईने काकांच्या पाठीकडे बघितलं. त्यांनी ते माझ्यासाठी केलं, भावाच्या लेकीसाठी केलं, की गावपळण मोडली हे कबूल केलं तर आपला मान जाईल म्हणून केलं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. मी त्यांचे आभार मानले नाहीत. ज्याने खोटी सही पुढे केली त्याचे आभार मानायला माझी जीभही उठत नव्हती. आणि व्हाळ ओलांडल्याचा पश्चात्तापही मला कधी झाला नाही. पाकीट हाताला लागलं नाही ह्याचा मात्र झाला.

खारेपाटणला गाडी थांबली. उतारू उतरले, चढले. गाडी पुन्हा सुटली तशी आईने पदर सारखा केला, आणि समोरच्या बाकाच्या पाठीकडे बघत, सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माजरा, सांग त्येंका, उपकार झाले. पण अपील मी सोडूचंय नाय."

दोन बाकं पुढे काकांनी मान वळवली नाही. पानाचा डबा उघडला, बंद केला.

"माजरा, सांग तिका," ते म्हणाले, "तारखेक हजर ऱ्हव म्हणान."